लख्ख धुतलेली बाटली

फडक्यातून बाटली निघाली आणि सिस्टरांचा चेहरा उतरला. बाटली लख्ख होती. आतून, बाहेरून, झाकणाच्या आट्यांतसुद्धा.

"धुतलीत?" सिस्टर म्हणाल्या. "अहो, उरलेलं औषध मोजायचं असतं ना! बाळाच्या पोटात किती गेलं ते त्यावरून कळतं. त्यासाठी तर रिकामी-अर्धी जशी असेल तशी बाटली परत मागतो आम्ही. आता मी काय मोजू, चकचकाट?"

हा दवाखाना एका अभ्यासाचा होता. आईला एचआयव्ही आहे, ती स्वतःच्या गोळ्या घेते आणि बाळाला अंगावर पाजते. अशा बाळाला पाजणं सुटेपर्यंत रोज औषध दिलं, तर आजार त्याच्यापासून दूर राहतो का, हे इथे पडताळून बघत होते. त्यामुळे इथे थेंबाथेंबाला किंमत होती आणि सिस्टर त्या थेंबांच्या सावकार होत्या. अभ्यास ज्यांचा होता त्या डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून असत.

"मी नाही धुतली," मांडीवरच्या मुलीला घट्ट धरत आई म्हणाली.

"मग काय आपोआप धुतली गेली?"

घरी ही बाटली कपाटात, जुन्या कपड्यांखाली असायची. सकाळी निघायच्या घाईत तिने फडक्यासकट ती पिशवीत टाकली होती, उघडून न बघता. झाकणाच्या आट्यांपर्यंत पोचणारा हात घरात एकाच बाईचा होता, आणि ती बाई या घडीला बाहेरच्या बाकावर बसली होती.

"सासूबाईंना कळलंय," ती पुटपुटली. "हिला ठेवून घेतील आणि मला घालवतील."

डॉक्टर खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. "आमच्या तोंडून त्यांना एक शब्द कळणार नाही. काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुम्हीच ठरवायचं."

बोलणं खरं होतं. पण संध्याकाळी त्या घरात परत जायचं होतं ते तिला, डॉक्टरांना नव्हे.

"आणखी एक," ती मान खाली घालून म्हणाली. "मधे मला ताप होता. दोन दिवस धड शुद्ध नव्हती. हिला औषध दिलं गेलं नाही."

लबाडी करायची तर याहून सोयीची वेळ नव्हती. पुरावा धुऊन निघाला होता. तरी तिने सांगितलं. सिस्टर आणखी काही तरी खरमरीत बोलणार होत्या, ते त्यांनी गिळलं.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. "किती वेळ हो? पोरीची झोपायची वेळ झाली." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "का? नीट निघाली नाही का? घासणी आत जाईना, म्हणून तांदूळ घालून खळखळवली. नुसती चिकट झाली होती. मुंग्या लागल्या असत्या. आणि आपल्या घरातली वस्तू चार लोकांत अशी घाण जायची?"

सिस्टरांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी नुसतं बघितलं, आणि सिस्टरांनी ते मिटलं. त्या खोलीत हे दृश्य दुर्मीळ होतं.

"आई, तुम्हाला..." सुनेने मान वर केली.

"मला काय? रोज दुपारी दार लोटून, पाठ करून काय करतेस, ते न कळायला मी काय भिंत आहे? तापात सारखी बरळत होतीस, बाळाचं औषध राहिलं, बाळाचं औषध राहिलं. म्हटलं, राहतंय कसं, मी आहे ना घरात! काढलं आणि दिलं. दोन्ही दिवस. बाटलीबरोबरच्या त्या पिचकारीवर निळी रेघ आहे बघ, तिथपर्यंत. तुझ्या लेकीनं तोंड केलं हे एवढं, पण घेतलं."

"सांडलं नाही ना?" सिस्टरांना राहवलं नाही.

"सांडायला मी काय पहिलटकरीण आहे?"

सून रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या मांडीवरून मुलगी उचलून खांद्यावर टाकली. "आता हे काय? रडायचं ते घरी जाऊन जेवून रड. दोन घास जात नाहीत तुला हल्ली."

"आजी," डॉक्टर जपून म्हणाल्या, "हे औषध..."

"मी विचारलं का काही?" सासूबाई म्हणाल्या. "विचारायचं झालं तर हिला विचारीन. ती सांगेल तेव्हा सांगेल."

डॉक्टर स्टुलावर मागे सरल्या. गोपनीयतेचे नियम त्यांनी स्वतः लिहिले होते. ते इतके नेमके पाळलेले त्यांनी क्वचितच बघितले होते.

सिस्टरांनी भरलेली नवी बाटली पुढे केली. "ही मात्र धुवायची नाही हं. उरेल ते तसंच परत आणायचं."

"चिकट?"

"चिकट."

"मुंग्या लागल्या तरी?"

"मुंग्यांसकट आणा."

"अजबच दवाखाना बाई तुमचा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाटली घेतली, उजेडात धरली आणि तिच्यावर चिकटवलेल्या छापील कागदाची कड नखाने उकलायला सुरुवात केली.

"अहो, अहो! ते काढू नका..."

कागद तोवर सोलून निघाला होता, न फाटता. सासूबाईंनी तो सिस्टरांच्या तळहातावर ठेवला आणि बोटाने दाबून चिकटवला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. आमच्या थोरल्या सुनेला वाचायची फार हौस. आणि वाचलेलं सांगत सुटायची त्याहून."