रिकामं खोगीर

"अठरावं प्रकरण वाचा ना!" सभागृहातून मागणी झाली आणि चारुशीलाबाईंनी आपल्या गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीची प्रत उघडली. त्या प्रकरणात सरदार हैबतराव लढाईत पडतात आणि त्यांचा घोडा रिकाम्या खोगिरानं घरी परततो. निदान बाईंनी तरी तसं लिहिलं होतं. समोरच्या पानावर मात्र हैबतराव चांगले धडधाकट घोड्यावरून उतरत होते आणि त्यांची बायको सगुणाबाई त्यांच्या पायांवर पाणी घालत होती.

पुस्तकं हल्ली हातात घेणाऱ्याची नाडी बघत आणि त्याला न सोसणारा मजकूर बदलून टाकत. या सोयीला बाईंनीच प्रकाशकाकडे हसत होकार दिला होता. उगाच कुणाला कशाला रडवायचं?

"ताई, माझी प्रत घ्या," शेजारी बसलेले अध्यक्ष उपासनी म्हणाले. त्यांच्या हातातल्या पानावर घोडा एकटाच येत होता. बाईंनी प्रत घेतली, तशी बघता बघता अक्षरं हलली आणि खोगिरावर हैबतराव येऊन बसले.

बाईंनी प्रत परत केली.

"तुम्हीच वाचा. आणि मला हात लावू देऊ नका."

उपासनींनी घसा खाकरला. "घोडा दारात आला. सगुणाबाईंनी आधी त्याला पाणी दाखवलं, मग खोगिराकडे पाहिलं..."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. सभागृहाला वाटलं, स्वतःच्याच लेखणीनं गहिवरल्या. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. रडू आत्ता आलं.