धाकूचा भाऊ

चौथ्यांदा रस्ता ओलांडायच्या आधी धाकूने निळा सदरा काढून पांढरा चढवला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात रिकामी पिशवी घेतली.

"अवो, बटणां चुकली तुमची," खाटेवरून त्याची बायको शकु म्हणाली.

"चुकू देत. दुसरा माणूस वाटेन."

मुलुंडच्या त्या चाळीसमोर, रस्त्यापलीकडे, जुनं इस्पितळ पाडून झालं होतं. पत्र्याच्या कुंपणामागे आता टॉवर उठायचे होते. कोपऱ्यातल्या शेडमध्ये तेवढा दवाखाना चालू ठेवला होता. साखरेच्या आजाराने शकुच्या पायाला झालेली जखम रोज तिथेच धुवून बांधत. ड्रेसिंग चुकलं तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

दवाखाना दारातून दिसायचा. मध्ये फक्त रस्ता. पण काम सुरू झाल्यापासून त्या रस्त्याने डंपर सुसाट सुटायचे. शकु वॉकर टेकत निघाली की धाकू हात आडवा करून तिच्या पुढे चालायचा. मागच्या महिन्यात एका चाकाने वॉकरच्या पायाचं रबर उडवून नेलं होतं. चार बोटं अलीकडे असतं, तर पायच.

अर्जावर अर्ज केल्यावर आज पालिकेची मोजणी लागली होती. आठ ते अकरा.

"तीन तासांत पाचशे माणसं ओलांडताना दिसली तर सिग्नल," चाळीचा सेक्रेटरी नंदकिशोर म्हणाला होता. बातमी नेहमी त्याच्याकडेच आधी यायची.

"आणि कमी पडली तर?"

"तर वाट लागली, धाकूकाका."

ऑफिसला जाणारी माणसं गेली आणि साडेनऊनंतर रस्ता ओस पडला. नंदकिशोरचा चेहरा उतरला. मग त्यानेच सगळ्यांना बाहेर काढलं. शेजारची सुलक्षणा साड्या बदलून चार वेळा गेली. दोन म्हातारे छत्री उघडून गेले आणि मिटून परत आले. धाकू तर थांबतच नव्हता.

मोजायला आलेल्या गंधाली मॅडम कुंपणाच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात बोटाने दाबायचं छोटं यंत्र. माणूस गेला की टक्.

धाकू अर्ध्यात पोचला आणि वळणावरून डंपर आला. हॉर्न कानात घुसला. धाकू मागे सरला, टोपी उडाली, चाकाखाली गेली. धूळ बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग उघड्या डोक्याने पलीकडे गेला.

टक् वाजलं नाही.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "मघाशी तुम्ही निळ्या सदऱ्यात होतात ना?"

गिरणीत बत्तीस वर्षं काढली, पण धाकू कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"तो माझा भाऊ."

"अगदी तुमच्यासारखा दिसतो."

"दिसतो. पण स्वभावाने वाईट."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडे, दारातल्या वॉकरकडे. आणि बोट दाबलं. टक्.

अकरा वाजेपर्यंत धाकूचा भाऊ आणखी नऊ वेळा रस्ता ओलांडून गेला.

मग दोन महिने काहीच नाही. शकुची जखम अर्धी भरली. "हाय खाऊ नका," ती म्हणायची, "येतला तुमचा सिग्नल." धाकू रोज हात आडवा करून तिच्या पुढे चालत राहिला.

एका सकाळी गंधाली मॅडम दोन कामगारांना घेऊन आल्या. चाळीच्या तोंडाशी त्यांनी लाल रंगाची मोठी फुली मारली. धाकू धावतच गेला.

"सिग्नल मिळाला?"

"सिग्नलपुरती माणसं साडेनऊलाच भरली होती, आजोबा. नंतर जी रीघ लागली, ती बघून साहेबांनी थेट पादचारी पूलच मंजूर केला." त्या मनापासून हसत होत्या. "रस्त्याच्या मधोमध उंच कठडा येणार. खालून मांजरसुद्धा जाणार नाही. आता कुणाच्या अंगावर डंपर यायची भीतीच नको." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भावाला मी दर वेळी मोजलं बरं का."

शकु वॉकर टेकत दारात आली होती. तिने फुलीकडे पाहिलं, मग समोरच्या शेडकडे.

"पायऱ्यो किती गो बाय?"

"फार नाहीत, आजी," मॅडम म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस."