शत्रूचे चार

विड्यांच्या कारखान्यात रेणुका रोज पेपर वाचून दाखवायची आणि तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या जणी वळून द्यायच्या. आज सीमेवरची बातमी आली तशी ती अडखळली. मल्लव्वाचा मुलगा तिकडेच होता.

“वाच की गं, गिळू नकोस,” मल्लव्वा म्हणाली.

जखमी झालेल्या आपल्या दोन जवानांची नावं, गावं रेणुकाने सावकाश वाचली. मल्लव्वाचा मुलगा त्यांत नव्हता. मग रेणुकाचा आवाज चढला, “शत्रूचे चार ठार!” बायकांनी टाळ्या पिटल्या, मांडीवरची सुपं हिंदकळली.

मल्लव्वाने डोळे पुसले. “त्या चौघांची नावं काय गं?”

“अक्का, त्यांची नावं कुठं छापतात? नुसता आकडा असतो.”

“तुला कशाला हवीत?” शेजारीण फणकारली. “तुझ्याच लेकावर चालून आले होते ते.”

“आले होते, खरंय. पण गेले की गं. गेलेल्याच्या ओवीत नाव घ्यावं लागतं. नाव ठाऊक नसेल, तर मी बाळ म्हणते. बारसं होईतो आपण बाळच म्हणतो की.”

आणि पानं कातरत तिने चार बाळांसाठी चार ओव्या गायल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा आकडाच होता. रेणुकाने वाचलं, “तिकडची दोन बाळं गेली.”