मालकाचा काटा

ज्योत्स्ना शिंदखेड्याजवळच्या त्या गावात समूहाची अक्कल मोजायला आली होती. एकेकटीचा अंदाज चुकतो, पण चुका वेगवेगळ्या असल्या की सरासरीत एकमेकींना खोडतात आणि घोळक्याचं उत्तर बरोबर येतं, असं तिच्या प्रबंधात होतं. एकीचं दुसरीच्या कानावर जायला नको म्हणून कापूस वेचणाऱ्या चौदा बायकांना तिने अंगणवाडीत एकेक करून बोलावलं, कापसाचं गाठोडं उचलायला लावलं आणि वजन विचारलं.

कुणी साडेसतरा किलो म्हणाली, कुणी साडेअठरा. सरासरी आली अठरा. ज्योत्स्नाच्या काट्यावर गाठोडं एकवीस भरलं. दुसरं गाठोडं चौदा किलोचं होतं. बायकांची सरासरी बारा.

ज्योत्स्ना वैतागली. शेवटी थांबलेल्या कमलबाईंना तिने विचारलंच, "अक्का, इतकी वर्षं कापूस वेचताय आणि सगळ्याच एका बाजूला कशा चुकता?"

कमलबाईंनी गाठोडं पुन्हा उचलून खाली ठेवलं.

"एकवीसच शे ना माय, बठ्ठ्या बायासले माहीत शे. पन मालकना काटावर अठराच भरस."

ज्योत्स्नाचे डोळे चमकले. तिने वही उघडली. "म्हणजे तुमचं कुणाचंच चुकलं नाही! हेच लिहिते, मालकाच्या काट्यासकट."

कमलबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बाया चुकन्यात, आसंच लिख. सकायले आमले त्यानाच वावरमा जानं शे."