दाराजवळची बाबागाडी

“बाहेर? म्हणजे पोरीला बाहेर ठेवून आलीस?” ओबदुलियाच्या हातातला दालचिनीचा पाव तोंडापर्यंत पोचलाच नाही.

“झोपलीय ती, आई,” यादिरा म्हणाली. “इथे सगळे असंच करतात. गार हवेत मुलांना छान झोप लागते.”

“सगळ्यांचं मला सांगू नकोस. सायकलला कुलूप लावता तुम्ही, आणि पोटचं पोर रस्त्यावर उघडं?”

इक्वेडोरहून लेकीकडे डेन्मार्कला येऊन ओबदुलियाला जेमतेम चार दिवस झाले होते. ती काही फिरायला आली नव्हती. नातीला, सात महिन्यांच्या नयेलीला, आपल्याबरोबर गावी, लोहा शहरात, घेऊन जायला आली होती. यादिरा हॉटेलातल्या खोल्या साफ करायची, जावई कारखान्यात पाळीवर जायचा. मग पोरीला पाहणार कोण? थोरल्या लेकीची, केटीची, दोन्ही मुलं ओबदुलियानेच वाढवली होती. गेल्या वर्षी ती मुलं माद्रिदला, केटीकडे गेली. आता नयेलीची पाळी. फोनवर सगळं ठरलंही होतं. पण आई आल्यापासून यादिरा चाचरत होती. आज शनिवार, सुट्टीचा दिवस, म्हणून आईला बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात घेऊन आली होती, बोलायला.

“आई, मी नयेलीला पाळणाघरात घालायचं म्हणतेय. इथलं पाळणाघर चांगलं असतं.”

“परक्या बायकांच्या हातात?”

“केटीच्या मुलानं विमानतळावर तिला काय हाक मारली, आठवतंय ना? ‘नमस्कार बाई’ म्हणाला. स्वतःच्या आईला!”

“मग? महिनाभरात शिकला ना आई म्हणायला?” ओबदुलियाने शाल आवळली आणि उठली. “तू पी तुझी कॉफी. जी आई लेकराला थंडीत टाकून गरम गरम कॉफी पिते, तिनं मला लेकरं वाढवायला शिकवू नये.”

ते यादिराच्या जिव्हारी लागलं.

बाहेर तीन बाबागाड्या उभ्या होत्या. तिन्ही गडद निळ्या, तिन्हींच्या टपावरून जाळी सोडलेली. मघाशी थंडीने काकडत ओबदुलिया आधी आत पळाली होती आणि गाडी यादिराने मागाहून लावली होती. पण त्यात विचार कसला करायचा? आई म्हटल्यावर गाडी दाराजवळच ठेवणार, एवढी अक्कल तर पोरीला असेलच. ओबदुलिया दाराजवळच्या गाडीपाशी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. जाळी उचलायचा मोह तिने आवरला. उगाच वारं बाधायचं.

थोड्या वेळाने दुलईखाली चुळबुळ झाली. बारीकसं कुरकुरणं ऐकू आलं. ओबदुलियाचा जीव कळवळला. तिने दांडा धरून गाडी हलके हलके झुलवली आणि आपल्या गावाकडची अंगाई म्हणायला लागली. कुरकुर थांबली. बघ, म्हणावं, एका मिनिटात ओळखला आवाज! कुत्रं फिरवणारा एक म्हातारा जरा जास्तच रेंगाळला, तर तिने असे डोळे वटारले की त्याने कुत्र्यासकट रस्ता ओलांडला. नाक लाल झालं, बोटं बधिर झाली, तरी ती हलली नाही. या पोरीला आपल्याशिवाय कुणी नाही, याबद्दल आता तिला तिळमात्र शंका उरली नव्हती.

दुकानातून एक उंच, गोरी बाई बाहेर आली. ओबदुलियाकडे पाहून हसली आणि खुशाल जाळी वर करू लागली.

“ए बाई! हात काढ!” ओबदुलियाने दोन्ही हातांनी गाडी ओढली. “माझी नात आहे ती!”

बाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने वाकून मूल उचललं. कानटोपीतून पिवळेधमक केस बाहेर आलेला, दोन दातांचा, गुटगुटीत मुलगा! तो ओबदुलियाकडे बघून खुदकन हसला.

आरडाओरडा ऐकून यादिरा धावत आली.

“आई, सोड ती गाडी! आपली नयेली तिकडे आहे, भिंतीच्या आडोशाला. इथे दाराशी वारा येतो ना!”

तिने त्या बाईची दहा वेळा माफी मागितली. बाई मात्र हसत होती. काहीतरी बोलली आणि मुलाला घेऊन निघून गेली.

“काय म्हणाली?” ओबदुलियाने पडेल आवाजात विचारलं.

“म्हणाली, तिचा मुलगा बाहेर इतका वेळ कधीच झोपत नाही. उद्याही येणार का, विचारत होती.” यादिराला हसू आवरेना.

ओबदुलिया हसली नाही. ती भिंतीपाशी गेली, जाळी जराशी उचलली. गाल लाल झालेली, तोंड अर्धवट उघडं टाकून नयेली गाढ झोपली होती. इतका वेळ तिच्यापाशी कुणीच नव्हतं आणि तिचं काही बिघडलं नव्हतं. ओबदुलिया बराच वेळ नुसती बघत राहिली.

यादिराचं हसू थांबलं. ती जवळ आली. “आत घेऊ या का हिला? तू म्हणत असशील तर घेते.”

“नको. झोपू दे.” ओबदुलियाने जाळी हलक्या हाताने खाली सोडली. “पाळणाघरात घाल तिला. तिची काळजी नव्हतीच गं मला. केटीची पोरं माद्रिदला गेल्यापासून त्या घरात मला एकटीला झोप लागत नाही.”