गंगेवर सोडा

दीवमधला आमचा शेवटचा दिवस होता. किल्ला बघून मी, रूपाली आणि हर्षल उन्हानं वैतागलो होतो. आता फक्त समुद्रावर जाऊन बसायचं होतं. रिक्षात शिरताना हर्षल सवयीनं म्हणाला, "गंगेवर सोडा."

आम्ही खो खो हसलो. गोदावरीला गंगा म्हणावं ते आम्ही नाशिककरांनीच, इथं कोणाला कळणार?

"भाजीबाजाराकडून घेऊ का?" रिक्षावाल्यानं मराठीत विचारलं. नाशकात गंगेवर जाताना भाजीबाजारच लागतो.

"नाशिकचे का तुम्ही?" हर्षलनं विचारलं. रिक्षावाल्यानं रिक्षा सुरू केली.

डावीकडे समुद्र चकाकत होता. रिक्षात मात्र ओल्या कोथिंबिरीचा वास येत होता.

तेवढ्यात रूपालीच्या आईचा फोन आला. ती नाशकात गंगेवर फुलं विकते. आवाज इतका चढलेला की आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

"आलीस तर सांगायचं नाही? आत्ता रिक्षातनं समोरून गेलीस. हाक मारली, तर बघून तोंड फिरवलंस!"

"आई, दीवला आहे गं मी. समोर समुद्र दिसतोय."

"मग ही कोण? शेजारी हर्षल बसलाय की!" आईला धाप लागली होती. "थांब तिथंच, आलेच मी."

फोन कट झाला. मी डावीकडे बघितलं. समुद्र तिथंच होता.

रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आरशात बघितलं.

"मागनं फुलवाल्या मावशी पळत येतायत," तो म्हणाला. "थांबू का?"