शोकेसमधली बाटली

साडूभाऊ, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी आणलेली बाटली तुम्ही सगळ्यांसमोर उचललीत आणि म्हणालात, "असली व्हिस्की ड्रायव्हरला द्या." तुम्ही थोरले जावई, दारूतले जाणकार. मी बाटली पुन्हा पिशवीत घातली.

ती मी दुकानातून अशीच उचलली नव्हती. खिशाला परवडतील अशा चार-पाच वेगवेगळ्या व्हिस्कींच्या क्वार्टर आणून, दर रविवारी एक, नुसत्या पाण्याबरोबर चाखल्या होत्या. जी घशाला ओरबाडत नव्हती आणि पाणी घातल्यावरही पाणचट होत नव्हती, तिचीच मोठी बाटली घेतली.

तुम्ही जेवून गेलात. संध्याकाळी सासरे शोकेससमोर उभे राहिले. त्यांच्या एकसष्टीला तुम्ही दिलेली परदेशी बाटली तिथं अजून सीलबंद आहे, कारण 'मी असल्याशिवाय उघडायची नाही' असा तुमचा हुकूम. आणि तुम्ही येता तेव्हा कुठलाच दिवस ती उघडण्याइतका चांगला नसतो.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती पिशवी आणा."

गॅलरीत बसलो. पहिला घोट त्यांनी जिभेवर धरला आणि मांडीवर थाप मारली. "ड्रायव्हरला द्यायची होती ना? मग आजपासून मीच ड्रायव्हर!"

सासूबाई भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या, सोबत स्वतःसाठी एक वाटी. "मलाही घाला बोटभर. इतकी वर्षं थोरल्यांची बाटली नुसती पुसतेय मी."

आम्ही तिघं पोट धरून हसलो, साडूभाऊ. शनिवारी तुम्ही येताय म्हणे. आत्ताच सांगा, शोकेस उघडणार आहात, की मी पिशवी घेऊन येऊ?